राखेवर आळ

परळीत काहीही बिघडलं की ते राखेच्या नावावर टाकायची रीत आहे. मिक्सर जळाला, राख. इन्व्हर्टर बसला, राख. पोरगं दहावीत नापास झालं तर अजून कुणी राखेचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही, पण उद्या कुणी घेतलं तर मला नवल वाटणार नाही. राख आहे हे खरंच आहे. थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या, बाजूनं वारा सुटला की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, खिडकीच्या गजांवर बसते, आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं.

मी दिंद्रुडची. माहेरी धूळ होती, पण ती रानातली, ओळखीची. लग्न होऊन इथं आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघर दाखवायच्या आधी माझ्या हातात ओलं फडकं दिलं होतं. "आधी पुसायचं, मग बाकीचं," एवढंच त्या म्हणाल्या. परळीतल्या सुनेची मुंज ती तेवढीच.

आमच्या घरातली प्रत्येक वस्तू कपडे घालून असते. टीव्हीला झालरीचा पडदा, मिक्सरला टोपडं, फ्रिजच्या मुठीला बाही, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. सगळं आत्याबाईंच्या शिलाई मशीनवर शिवलेलं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालतात तेव्हा वरून जुन्या मलमलीच्या साडीचा पडदा धरतात. हवा लागली पाहिजे, राख लागता कामा नये. ही युक्ती इथल्या बायकांनी कुणाला न विचारता शोधून काढली, आणि मला तिचं आजही कौतुक वाटतं.

म्हणून मी लॅपटॉप घेतला तेव्हा आत्याबाईंनी शिंप्याची पट्टी आणून त्याचं माप घेतलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यांनी निळ्या कापडाचं, आतून अस्तराचं, बटणं लावलेलं कव्हर शिवलं. मग लॅपटॉप पालथा घातला. त्याच्या पोटाला जी जाळी असते, जिथून हवा आत जाते, तिच्यावर मलमलीची दुहेरी पट्टी चारी कडांनी डिंकानं चिकटवली. "हवा जाईल, राख न्हाई," त्या म्हणाल्या. जो न्याय पापडाला, तोच लॅपटॉपला. मी खूश झाले. पुढे ती पट्टी मला दिसेनाशी झाली, रोजची वस्तू होते तशी.

तो लॅपटॉप म्हणजे माझं काम. मी पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. लेखकांकडून मजकूर येतो, कधी टाइप केलेला, कधी असल्या अक्षरात लिहिलेला की लेखकालाच फोन करून विचारावं लागतं, "हे काय लिहिलंय हो?" तो मी नीट पानांत बसवते. समास किती, दोन ओळींत अंतर किती, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसली का, हे सगळं मी बघते. घरातले लोक याला "टायपिंग" म्हणतात. आधी मी दुरुस्त करायची, मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? पुस्तक छापून येतं तेव्हा आतल्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव असतं. घरात ते एकट्या आत्याबाईंनी शोधून वाचलंय, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत.

पुढे किराणा दुकान, मागे घर, आणि मधे एक खोली. त्या मधल्या खोलीत खिडकीशी माझं टेबल होतं. दुपारी जेवणं उरकली की दार लोटून मी तिथं बसायची. त्या वेळात मी कुणाची सून नसायची, कुणाची वहिनी नसायची. खोटं कशाला सांगू, त्या खोलीसाठीच मी बाकीचा दिवस निभावून न्यायची.

आषाढ संपत आला होता. श्रावणात वैजनाथाच्या दर्शनाला गर्दी होते आणि आमच्या दुकानात साबुदाणा, भगर, शेंगदाण्यांची पोत्यांवर पोती येऊन पडतात. त्या धांदलीत एका दुपारी काम करता करता लॅपटॉप बंद पडला, म्हणून मी तो पुन्हा सुरू केला. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं आणि सगळं काळं. पुन्हा बटण दाबलं. चिन्ह आलं, कडं अर्धं फिरलं, काळं. तिसऱ्यांदा तर चिन्हसुद्धा नीट दिसलं नाही. चार्जर काढून पाहिला, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला, बटण दाबून धरलं, देवाचं नाव घेतलं. उठायचं आणि बसायचं, एवढंच ते करत होतं.

आत अर्धं पुस्तक होतं. एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणी. बाईंनी आयुष्यभर खेडोपाडी बाळंतपणं केली होती आणि लिहिलं होतं असं, की मी पानं लावता लावता काम विसरून वाचत बसायची. मी प्रकाशनातल्या बाईंना फोन केला. त्या चांगल्या आहेत, पण चांगुलपणाला छापखान्याची तारीख कळत नाही. त्या म्हणाल्या, "सोमवारी पानं आली नाहीत तर मला हे दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आणि एकदा दुसरीकडे गेलं की पुढची कामंही तिकडेच जातात, तुम्हाला माहिताय." मला माहीत होतं.

संध्याकाळी जेवताना मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निकाल दिला. मामा वाईट नाहीत. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई असते.

"बंद पडलं ना? बरं झालं म्हणायचं. आता श्रावण तोंडावर आलाय, दुकानात माणूस लागतं. तू बस दुकानात. लई केलं टायपिंग."

"दुरुस्त होईल ते," मी म्हणाले.

"कशाचं होतंय," भाऊजी, माझे दीर, भाकरी मोडत म्हणाले. "राख गेली असंल आत. राख गेलेली वस्तू पुन्ना उभी ऱ्हात न्हाई, वहिनी."

घरात सगळ्यांनी माना हलवल्या. राखेचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो. मीही मान हलवली, हे सांगितलं पाहिजे, कारण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण मान हलवताना मला भीती वाटली. लॅपटॉपची नाही. मला दिसलं की हे मशीन गेलं तर दुसरं कुणी आणणार नाही. कुणी 'नको' म्हणणार नाही, भांडणार नाही. फक्त 'बघू' म्हणतील, आणि मी दुकानात साबुदाणा जोखत बसेन, आणि एक दिवस मलाच वाटायला लागेल की मी पूर्वी कधीतरी टायपिंग करायची.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन मी बीडला गेले. बसस्टँडजवळ कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत एक दुरुस्तीचं दुकान होतं. आतला माणूस पंचविशीतला, कानात ब्लूटूथ. त्यानं लॅपटॉप पालथा केला, मलमलीच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि हसला.

"परळीचे का?"

"हो," मी म्हणाले.

"मग इचारायलाच नको. राख गेलीय आत. मदरबोर्ड गेला." हे त्यानं माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं.

"उघडून बघा की आधी," मी म्हणाले.

"उघडून काय बघायचं त्यात? परळीचं मशीन आमी उघडतच न्हाई." हेही नवऱ्यालाच. "मालक, नवा घ्या. हा भंगारात घाला."

लॅपटॉप माझा, प्रश्न माझा, आणि उत्तर मात्र मालकाला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याच्या हातातून लॅपटॉप ओढून घेतला आणि कव्हरात घालून एकेक बटण लावलं, त्याला बघायला लावत. "न उघडता मेलं म्हणून सांगणारा डॉक्टर आमच्याकडं बी हाय," मी म्हणाले, "त्यासाठी बीडला यायची गरज नव्हती." नवरा माझ्या मागून भराभर बाहेर पडला. भांडण म्हटलं की त्याचे पाय आपोआप चालायला लागतात.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "मी बाबांशी बोलतो. दिवाळीपर्यंत काही तरी करू." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाचाच मला जास्त राग येत होता.

घरी आलो तर मधल्या खोलीत पोती. भिंतीपासून खिडकीपर्यंत. माझं टेबल कोपऱ्यात ढकललेलं आणि त्याच्यावर भगरीची पोती रचलेली. अजून बीडहून निकाल यायचा होता, तोवर इकडे खोलीची वाटणी होऊन गेली होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि पोत्यांसमोर रडायची माझी तयारी नव्हती.

लॅपटॉप घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि फरशीवर बसले. ठरवलं की मेला असेल तर असेल, पण मेला हे मी माझ्या डोळ्यांनी बघेन. तोवर कुणाचं ऐकायचं नाही, राखेचं नाव तर मुळीच नाही.

आधी नुसतं बघितलं. रात्रभर बंद ठेवलेला लॅपटॉप सकाळी सुरू केला तर तो बराच पुढे जायचा, माझं नाव आणि पासवर्डची चौकट दिसेपर्यंत. लगेच पुन्हा सुरू केला तर चिन्हावरच बंद. थोडा वेळ गार फरशीवर टेकवून ठेवला की पुन्हा पुढे. हे मी दिवसभर करत राहिले, स्वयंपाकाच्या मधे मधे, आणि दर वेळी तेच. आता मदरबोर्ड मेलेला असता तर त्याला सकाळ काय नि दुपार काय? मेलेल्याला गार-गरम कळत नाही. याला कळत होतं. हे तापत होतं आणि तापलं की जीव वाचवायला स्वतःच बंद होत होतं. बंद झाल्यावर त्याच्या पोटाला हात लावला तर नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखं.

आणि आवाज नव्हता. आधी सुरू करताना आत बारीक घरघर व्हायची, पंख्याची. ती कधी बंद झाली मला आठवेना. श्रावणाच्या तयारीत दुकानातून पोती ओढायचा आवाज इतका असायचा की कदाचित मी ऐकलंच नसेल.

खात्री करायला मी देवघरातली उदबत्ती लावली. लॅपटॉपच्या कडेला जी फट असते, जिथून गरम हवा बाहेर यायला हवी, तिच्यासमोर धरली आणि बटण दाबलं. धूर सरळ वर गेला. जरासुद्धा हलला नाही. बंद होईपर्यंत तसाच सरळ.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "लॅपटॉपला ओवाळायलीस का काय?" त्यांनी विचारलं.

"पंखा चालू न्हाई आत्याबाई. बाकी सगळं ठीक हाय. नुसता पंखा बसलाय."

"मग उघड की."

इतक्या दिवसांत एवढं सरळ वाक्य मला कुणी बोललं नव्हतं.

उघडायला हत्यार हवं. आमच्या मागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगवाले चाचा बसतात. पाण्याच्या मोटारी, टेबलफॅन, कूलर, काही न्या, आतली जळालेली तार नव्यानं भरून देतात. त्यांचं आणि आमच्या घराचं जुनं आहे. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा येतो, संक्रांतीला आमच्याकडून तिळाच्या वड्या जातात. मी लॅपटॉप दाखवला तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"न्हाई भाभी, हे आपल्या लाइनीतलं न्हाई. आन् राख गेली म्हणता तर काय ऱ्हायलं त्यात? सोडून द्या."

"राख गेली असं मी म्हणत न्हाई, चाचा. गाव म्हणतंय. मला नुसता बारीक पेचकस द्या, आन् हवा मारायचा ब्लोअर."

"तुमी उघडणार?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांत बारीक पेचकस शोधून दिला, ब्लोअर दिला आणि म्हणाले, "मोडलं तर माझं नाव न्हाई घ्यायचं. मी दिलाच न्हाई पेचकस." गल्लीतून जाताना माझ्या मागे त्यांचं हसणं ऐकू येत होतं. हसू देत. पेचकस माझ्या हातात होता.

स्वयंपाकघरात जुनी चादर अंथरली. फोनवर त्याच मॉडेलचा लॅपटॉप उघडून दाखवणारा एक व्हिडिओ सापडला होता. त्यातला माणूस इंग्रजीत भराभर बोलत होता. मी त्याचा आवाज बंद केला आणि हात बघितले. हात सगळ्यांना कळतात. स्क्रू छोटे-मोठे असतात आणि कुठला कुठे होता हे विसरलं की संपलं, म्हणून आत्याबाईंनी मसाल्याचा डबा रिकामा करून, धुऊन, कोरडा करून दिला. लांब स्क्रू जिऱ्याच्या वाटीत, आखूड मोहरीच्या, मधले हळदीच्या. व्हिडिओतल्या माणसाकडे अशी सोय नव्हती.

पट्टी काढावी लागली. तिच्याखालीही एक स्क्रू होता. डिंक वाळून दगड झाला होता, ती निघता निघेना, शेवटी गरम पाण्याच्या बोळ्यानं भिजवून ओढली. मग जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत सरकवत कडेकडेनं झाकण सोडवलं. दर कट् आवाजाला मी थांबून व्हिडिओ पुन्हा बघत होते. झाकण निघालं. आधी बॅटरीची वायर सोडवली, व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे, आणि मग पंख्याकडे बघितलं.

मी राख शोधत होते. सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यात इतकी राख भरली होती की मला वाटलं, झाकण काढलं की चूल उकरल्यासारखा ढीग दिसणार. राख होती. कोपऱ्यात चिमूटभर, फुंकर मारली तर उडेल एवढी. पण पंख्याच्या पात्यांत पांढरे धागे गुंतले होते. मधल्या दांडीभोवती ते गुंडाळून गुंडाळून घट्ट झाले होते, आणि पंख्यापुढे जिथून हवा बाहेर जाते तिथे कापसाचा जाड थर बसला होता. मी चिमट्यानं एक धागा ओढला. तो येतच राहिला. मऊ, बारीक, पांढरा.

आम्ही दोघींनी एकदमच त्या काढून ठेवलेल्या पट्टीकडे बघितलं. आतल्या बाजूनं ती विरून गेली होती. पंखा तिला रोज थोडं थोडं आत ओढत होता. पापड हवा ओढत नाही; लॅपटॉप ओढतो. काखेत कळसा आणि आम्ही बीडला वळसा घालून आलो होतो.

आत्याबाईंनी ती पट्टी उचलून उजेडासमोर धरली. मग म्हणाल्या, "म्हंजी हे मी केलं."

"तुमी वाचवायला लावली होती."

"ते ऱ्हाऊ दे. केलं ना मी." त्यांचा चेहरा लहान झाला होता. मला त्यांच्यावर राग यायला हवा होता कदाचित, पण आला नाही. घरात माझं छापलेलं नाव वाचणारं ते एकच माणूस. "चष्मा आणा तुमचा," मी म्हणाले, "मला हे धागे नीट दिसंनात." त्यांनी चष्मा लावला, माझा भुवया कोरायचा चिमटा हातात घेतला, आणि मग आम्ही दोघींनी मिळून ते धागे एकेक करून काढले, तांदळातले खडे निवडतात तसे. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. उरलेला कापूस दात घासायच्या ब्रशनं सोडवला, पंखा काडीनं धरून ठेवून ब्लोअरनं हवा मारली. बोटानं पात्याला हलकेच ढकललं तर ते भर्रकन फिरलं. आत्याबाई हसल्या.

झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो कुठला होता हे आजही मला माहीत नाही, आणि त्याच्यावाचून काही अडलेलंही नाही. बटण दाबलं. चिन्ह आलं, कडं फिरायला लागलं, आणि आतून ती बारीक घरघर सुरू झाली. मी आत्याबाईंचा हात घट्ट धरला होता. पासवर्डची चौकट आली. पासवर्ड टाकला. नर्सबाईंचं पुस्तक उघडलं, जिथं सोडलं होतं त्याच पानावर. मला रडू आलं आणि या वेळी मी ते आवरलं नाही, समोर पोती नव्हती.

जेवताना मामांनी विचारलं, "निघाली का राख?"

मी होय म्हणणार होते. आत्याबाईंचं नाव या घरात चेष्टेत घेतलं जावं असं मला वाटत नव्हतं, आणि राखेला काय, एक आळ आणखी. पण आत्याबाईंनीच वाटीत आमटी वाढता वाढता सांगितलं, "राख न्हाई. माझी मलमल निघाली. म्याच चिकटवलती."

भाऊजी खो-खो हसायला लागले. "घ्या! आईनंच वाट लावली, आन् आमी राखेला शिव्या घालायलो."

"लावली," आत्याबाई म्हणाल्या. "आन् काढलीबी आमीच. तुमी नुसत्या माना हलवल्या." भाऊजींचं हसणं तिथंच बसलं. आमटी मात्र त्यांना सगळ्यांत शेवटी मिळाली.

मामांनी घास गिळला. "चालू झालं, चांगलं झालं. पण खोलीत आता माल हाय. श्रावण होऊ द्या, मग बघू. तोवर बस दुकानात."

ते प्रेमानं बोलले, हेच कठीण. मला ते 'बघू' चांगलं माहीत होतं. श्रावणानंतर गणपती, गणपतीनंतर महालक्ष्म्या, मग दसरा, मग दिवाळीचा माल. या घरात 'बघू'नं कधी कुणाकडे बघितलेलं नाही. मशीन मी जिवंत केलं होतं, आणि ते ठेवायला जागा नव्हती. म्हणजे सगळी लढाई जिंकून मी पुन्हा होते तिथंच.

सकाळी मी मधल्या खोलीत गेले आणि टेबलावरची पोती उतरवायला लागले. पहिलंच पोतं हलेना. नवरा आला, दोन क्षण दारात थांबला, मग त्यानं पोती उचलून बाजूला ठेवली. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळच. टेबलाची एक बाजू मी धरली, दुसरी आत्याबाईंनी, आणि आम्ही ते उचलून सरळ दुकानात नेलं. गल्ल्याच्या शेजारी, वजनकाट्याच्या पलीकडे, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. काट्याच्या सॉकेटशेजारी एक सॉकेट मोकळा होता, त्यात चार्जर लावला.

मामा गल्ल्यावर बसलेले. "हे इथं कावून?"

"दुकानात बस म्हणलात ना तुमी? बसले."

"आगं पण हे कशाला?"

"काम हाय माझं. सोमवारी द्यायचंय."

त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई ओल्या फडक्यानं माझं टेबल पुसत होत्या. त्यांनी काही मान वर केली नाही.

मी लॅपटॉप उघडला. खाली पट्टी नव्हती. समोरून ट्रक जात होते आणि बारीक राख उडत होती. उडू दे. राखेचं काय करायचं ते मला आता माहीत होतं. रोज संध्याकाळी कोरडा ब्रश आणि महिन्याला चाचांचा ब्लोअर. त्याच्यासाठी खोलीत दडून बसायची गरज नव्हती.

थोड्या वेळानं नेहमीचे एक काका आले, मामांच्या बरोबरीचे, उपवासाचं सामान घ्यायला. माझ्याकडे बघून मामांना म्हणाले, "सूनबाई बसाय लागल्या जणू दुकानात?"

मामा खुलले. "बसल्या की. म्हणलं, घरात नुसतं टायपिंग करत बसण्यापरीस..."

इतकी वर्षं मी परक्या माणसासमोर मामांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आज माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"न्हाई काका. मी माझ्या कामाला बसलेय. पुस्तकं करते मी. दुकान मामांचं हाय."

काकांनी मामांकडे बघितलं, मामांनी रस्त्याकडे. मग काका घसा साफ करून म्हणाले, "साबुदाणा द्या जरा. आन् भगर." मामांनी सवयीनं माझ्याकडे मान वळवली.

"सूनबाई, जोखून दे."

माझे हात कीबोर्डवर होते. नर्सबाईंच्या पुस्तकात एका पुराच्या रात्रीची हकीकत चालू होती. एका परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर पडत होती, आणि ती मला मागे आणायची होती.

"सूनबाई," मामा पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्यानं. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून आत बघायला लागली.

"पान झाल्याशिवाय उठणार न्हाई, मामा," मी म्हणाले.

मी एका ओळीतलं अंतर थोडं कमी केलं, दुसरीतलं थोडं कमी केलं, आणि ती एकटी ओळ मागच्या पानावर, आपल्या माणसांत, जाऊन बसली. तेवढ्यात गुडघ्यांवर हात टेकून मामा उठले. त्यांनी पोत्यात माप घातलं आणि साबुदाणा स्वतः जोखून काकांच्या पिशवीत ओतला. मी पुढचं पान उघडलं.